'माणूस मिळत नाही' हे वाक्य पूर्ण करू या

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, जुळे सोलापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'उद्योग आणि मनुष्यबळ' असा भारदस्त विषय दिला आहे. वीस मिनिटांत तो काही माझ्याच्याने पेलवणार नाही. मी पंचवीसेक वर्षं कारखान्यांच्या कार्मिक विभागात काम केलं. आधी पुणे-चाकणकडे होते, आता इथे जुळे सोलापुरात राहून लहान कारखान्यांना आणि दवाखान्यांना माणसं शोधून देते. त्या कामातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलते. काही जागा महिनोन् महिने भरतच नाहीत. त्यांचं काय करायचं?

आपल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप गटावर वर्षभरात अशा चार मागण्या आल्या. टॉवेलच्या कारखान्याला रॅपियर मागावर काम करणारा जॉबर हवा. गणवेश शिवणाऱ्या युनिटला शिलाई कामगार हव्यात. एका डॉक्टर मित्राच्या रुग्णालयात रात्रपाळीला नर्स हवी. चौथी मागणी पुण्याहून आली. आई जुळे सोलापुरात एकटी असते, तिच्यासोबत राहायला चांगली बाई हवी. चारही मागण्यांखाली नंतर एकच वाक्य आलं, "माणूसच मिळत नाही हो."

हे वाक्य अर्धवट आहे, असं माझं म्हणणं आहे. ते पूर्ण केलं तर असं होतं : "या पगारात, या वेळेत, एवढ्या अटींवर आणि येत्या आठ दिवसांत माणूस मिळत नाही." वाक्य पूर्ण केलं की आपल्या हातात काय आहे ते दिसायला लागतं. माणसं निर्माण करणं माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. पगार, वेळ, अटी आणि मुदत मात्र आपण ठरवलेल्या असतात.

आपल्या गावाला या बाबतीत एक जुनी सवय आहे. १८७७ साली सोलापुरात जुनी मिल सुरू झाली, त्याच सुमाराला दुष्काळाने सगळा मुलूख पोळला होता. पुढे आणखी गिरण्या आल्या, तेलंगणातून विणकर घराणी येत राहिली, आसपासच्या तालुक्यांतून कोरडवाहू शेतकरी आला. गिरणीच्या दारात माणसांची रांग असायची आणि कुणाला आत घ्यायचं हे जॉबर ठरवायचा. देशभर हीच रीत होती. १९३१ च्या शाही कामगार आयोगाच्या अहवालाने या जॉबरच्या मक्तेदारीवर कडक टीका केली. पण त्या रीतीमागे एक गृहीतक होतं, ते असं की दाराबाहेर कायम माणसं उभी असणार.

पुढे साठच्या दशकात जुनी मिल बंद पडली. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद झाली. आपल्यापैकी अनेकांच्या घरात तेव्हा काय झालं ते सांगायला नको. पण त्याचा आणखी एक परिणाम झाला, आणि त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. गिरण्यांमध्ये तयार झालेले फिटर, जॉबर, वाइंडर, वार्पर हे सगळे अक्कलकोट रोडच्या आणि पूर्व भागातल्या कारखान्यांना आयते मिळाले. त्यांना शिकवण्याचा खर्च गिरणीने केला होता. चादर आणि टॉवेलच्या धंद्याने पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या शिकलेल्या हातांवर काढली. ते लोक आता सत्तरीत आहेत. त्यांच्यानंतरचा जॉबर कुणी घडवलाच नाही, आणि आज आपण म्हणतो, जॉबर मिळत नाही.

आता एक जाहिरात सांगते. कारखान्याचं नाव सांगणार नाही. रॅपियर मागासाठी मेकॅनिक हवा. वय ३० च्या आत. अनुभव किमान १० वर्षं. इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं ज्ञान. संगणक यायला हवा. रात्रपाळीची तयारी. इंग्रजी मॅन्युअल वाचता यावं. पगार योग्यतेनुसार. ही जागा सात महिने रिकामी होती.

हिशेब मांडून बघा. मुलगा सोळाव्या वर्षी दहावी होतो. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय दोन वर्षांचा, म्हणजे अठरा. एक वर्ष शिकाऊ उमेदवारी, म्हणजे एकोणीस. त्यावर दहा वर्षं अनुभव, म्हणजे एकोणतीस. तीसच्या आतली अट पाळायची तर तो तुमच्या दारात बरोबर त्याच एका वर्षात यायला हवा. तोही मधे एकदाही नापास न होता, आजारी न पडता, गावी शेती बघायला न जाता.

अटी एकमेकींना कशा खातात तेही बघा. समजा, गावात हे काम जाणणारे ६४ जण आहेत. प्रत्येक अटीला निम्मे गळतात असं धरू. वयाच्या अटीने ३२ उरले, अनुभवाच्या अटीने १६, बोर्डाच्या ज्ञानाने ८, संगणकाने ४, रात्रपाळीने २, इंग्रजीने १. सहा अटींत ६४ चा एक झाला. आणि तो एक आधीच कुठेतरी बऱ्या पगारावर काम करतोय. त्याने तुमच्याकडे का यावं, याचं उत्तर जाहिरातीत कुठेही नाही.

म्हणून मी मालकांना एक साधा कागद भरायला सांगते. त्यात तीन रकाने असतात. पहिला : हे आल्या दिवशी यायलाच हवं. दुसरा : हे सहा महिन्यांत शिकवता येईल. तिसरा : असलं तर बरं, नसलं तरी चालेल. प्रत्येक अट यातल्या एकाच रकान्यात घालायची. आणि पहिल्या रकान्यात तीनपेक्षा जास्त अटी घालायच्या नाहीत.

या मालकांनी तो कागद भरला तेव्हा पहिल्या रकान्यात दोनच गोष्टी उरल्या, विजेच्या जोडण्यांची समज आणि पाळीत काम करायची तयारी. बाकी सगळं शिकवण्यासारखं होतं. आम्ही इलेक्ट्रिशियनचा आयटीआय केलेली दोन मुलं घेतली आणि कारखान्यातल्या जुन्या जॉबरच्या हाताखाली दिली. तिथे वेगळीच अडचण आली. जॉबर शिकवेना. त्याचं म्हणणं सरळ होतं : "यांना शिकवलं की मला घरी पाठवणार." त्याची भीती खोटी होती असं कोण म्हणेल? मग मालकांनी त्याला लेखी दिलं की कामावरून काढणार नाही, आणि शिकवण्याच्या महिन्यांचे वेगळे पैसे ठरवले. त्यानंतर शिकवणं सुरू झालं. पहिले तीन महिने माग जास्त वेळ बंद राहिले, उत्पादन घटलं, मालक कुरकुरले. सहा महिन्यांनी एक मुलगा चाकणला गेला. दुसरा आहे आणि आज चांगलं काम करतो. दोघांतला एक टिकला. मी याला यश म्हणते, आणि मालकांनाही हेच आधी सांगून ठेवलं होतं. दोघांना शिकवाल तेव्हा एक मिळेल, हे धरूनच खर्चाचा अंदाज करा.

यात सरकारी व्यवस्थेचाही उपयोग आहे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या युनिटलाही हवं तर घेता येतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलतं. आपले बरेच कारखाने लहान आहेत, त्यामुळे हे आपल्यासाठी नाही असा त्यांचा समज असतो. तसं नाही.

आता पगाराबद्दल. 'योग्यतेनुसार' हा शब्द जाहिरातीतून काढून टाका आणि आकडा लिहा. आकडा न लिहिल्याने स्वस्त माणूस मिळतो, असं मी तरी कधी पाहिलं नाही. लांबून आलेल्या चार मुलांचा आणि तुमचा दिवस तेवढा वाया जातो.

"सोलापुरात खर्च कमी, मग पुण्याएवढा पगार कशाला?" हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर हिशेबानेच देऊ. धरून चाला, मुलाला पुण्यात २५ हजार मिळतात. खोलीतला वाटा ४ हजार, मेस ४ हजार, जाणं-येणं आणि किरकोळ २ हजार. हातात उरले १५ हजार. तो सोलापुरात आई-वडिलांच्या घरी राहणार असेल तर १६-१७ हजारांत तुम्ही त्याच्याशी बोलू शकता. ११ हजारांत नाही बोलू शकत. आणि तो लातूरहून किंवा कलबुर्गीहून येऊन इथे खोली घेणार असेल, तर १६ हजारसुद्धा पुरणार नाहीत. एकाच जागेचा योग्य पगार कोण येतोय यावर बदलतो. म्हणून आधी ठरवा, तुमचा माणूस कुठे राहणारा आहे.

पैशाखेरीज तो आणखी एक गोष्ट मनात मोजतो : तीन वर्षांनी मी कोण असेन? चाकणच्या कारखान्यात याचं उत्तर त्याला दिसतं. आपल्या कारखान्यात ते मालकाने तोंडाने सांगावं लागतं. 'तीन वर्षांनी पाळी तुझ्याकडे' एवढं जरी खरेपणाने सांगता आलं तरी बराच फरक पडतो.

"आजकालच्या मुलांना काम नको" असं म्हणणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. या सभागृहात नजर फिरवा. आपल्यातले किती जण हुतात्मा एक्सप्रेसने चार तासांत पुणे गाठून तिकडचेच झाले? आपल्या आई-वडिलांनी, इथे बसलेल्या गुरुजनांनी आपल्याला सांगितलं, शिका आणि मोठे व्हा. आपण ते ऐकलं. आजची मुलंही तेच करतायत. त्यांना थांबवायचं असेल तर थांबण्यासारखं काहीतरी समोर ठेवावं लागेल.

आता गणवेशाच्या युनिटकडे येते. गेल्या काही वर्षांत सोलापूर गणवेशांसाठी ओळखलं जाऊ लागलं आहे. शिलाई मशीन चालवणाऱ्या बायका हव्यात आणि मिळत नाहीत. मालकांचं म्हणणं असतं, "विड्या वळून जे मिळतं त्यापेक्षा आम्ही जास्त देतो, तरी येत नाहीत." मी विडी घरकुल भागात जाऊन बायकांशी बोलले. विडी कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी आणायचा, घरी विड्या वळायच्या, हजाराच्या हिशेबाने नेऊन द्यायच्या. पैसे कमी आहेत, तंबाखूने छाती भरते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण नळाला पाणी आलं की ती उठून भरू शकते. मूल शाळेतून आलं की ती घरात असते. सासूला औषध देता येतं. आपल्या गावात पाणी काही दिवसांआड येतं, आणि ते ज्या वेळी येतं तेव्हा घरी माणूस लागतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ही वेळ तिला पाण्याच्या दिवशी जमतच नाही.

म्हणजे मालकाची स्पर्धा विडीच्या मजुरीशी नव्हती, ती घरी असण्याशी होती. एका युनिटने दहा ते चार अशी एक पाळी केली, घरकुलापासून गाडी ठेवली आणि पाण्याच्या दिवशी तासभर उशीर चालेल असं सांगितलं. सगळ्या मशिनी भरल्या नाहीत, पण निम्म्याहून जास्त भरल्या. पूर्ण पाळीचं उत्पादन या बायकांकडून मिळणार नाही, हे मालकांना मान्य करावं लागलं. रिकाम्या मशिनीपेक्षा सहा तास चालणारी मशीन बरी, इतका साधा हिशेब होता.

खरं सांगण्याचा मुद्दा आला आहे तर आणखी एक सांगते. माणूस पळून जाईल या भीतीने आपण कामातल्या अडचणी लपवतो. १९७३ साली अमेरिकेत जॉन वानस या अभ्यासकाने टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी आलेल्या मुलींवर एक प्रयोग केला. काहींना नेहमीची गोड फिल्म दाखवली, काहींना कामाचा कंटाळा आणि कटकटीही दाखवणारी. खरी फिल्म पाहिलेल्यांच्या अपेक्षा वास्तवाला धरून राहिल्या, आणि नोकरी सोडण्याचे विचार त्यांच्या मनात कमी आले. मी इथे साधी रीत ठेवली आहे. नेमणुकीआधी उमेदवाराला अर्धा दिवस कारखान्यात उभं करते, शक्यतो दुपारी. मागांचा आवाज, उडणारा कापूस आणि एप्रिलमधलं चाळीसच्या वरचं ऊन, हे सगळं त्याला आधीच कळू दे. जो तिथून परत जातो, तो एरवी पंधरा दिवसांनी गेला असता. आज गेला तर तुमचे पंधरा दिवस वाचले.

रात्रपाळीच्या नर्सच्या बाबतीतही हेच. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. तेवढं शिकून आलेल्या मुलीला रात्री घरी कसं जायचं हे विचारायची वेळ येऊ नये. डॉक्टर मित्रांना मी पगाराच्या आधी तीन प्रश्न विचारते : राहायला खोली आहे का, रात्री एकटीवर किती रुग्ण असतात, आणि नातेवाइकांनी आरडाओरडा केला तर तिच्या बाजूने कोण उभं राहतं? उत्तरं जाहिरातीत लिहिण्यासारखी नसतील, तर आधी ती सुधारा.

आता चौथी मागणी. ही आपल्या सगळ्यांच्या घरातली आहे, म्हणून शेवटी ठेवली. आपल्या जुळे सोलापुरात संध्याकाळी फिरायला निघालं की किती बंगल्यांत एकच दिवा लागलेला दिसतो! मुलं पुण्यात, बेंगळुरूत, कुणी परदेशात. खाली आई किंवा बाबा एकटे. मुलांची मागणी अशी असते : बाई चोवीस तास राहणारी हवी. स्वयंपाक आपल्या चवीचा हवा. औषधं वेळेवर द्यावीत, साखर तपासावी, इन्सुलिन द्यावं. उचलून अंघोळ घालावी. प्रेमळ हवी, प्रामाणिक हवी, मोबाइल बघत बसणारी नको. आणि एक अट कागदावर येत नाही, ती फोनवर आवाज खाली करून सांगितली जाते, ती जातीची. तीन भाषांच्या आणि पंचवीस आडनावांच्या मुलांनी एका डब्यातली शेंगाचटणी खाल्लेल्या वर्गातले आपण. तुम्हाला वेगळं काही सांगायची गरज नसावी. पण हिशेबापुरतं सांगते, या एका अटीने माझ्या यादीतल्या सगळ्यांत चांगल्या बायका पहिल्या झटक्यात बाद होतात.

दिवसाचे तास चोवीस, म्हणजे आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. कारखान्यात त्या तिघांच्या असतात. घरी आपण त्या एकीवर टाकतो, वर सुट्टी देत नाही, आणि दोन महिन्यांत ती गेली की म्हणतो, बायका टिकत नाहीत. इथेही तोच तीन रकान्यांचा कागद भरा. स्वयंपाक हे एक काम, ते दोन तासांचं. अंग पुसणं, उठवणं-बसवणं हे दुसरं. रात्रीची सोबत हे तिसरं. इंजेक्शन हे या तिन्हींत येत नाही. ते शिकलेल्या नर्सचं काम आहे, आणि तिला ठरलेल्या वेळी बोलावता येतं. कामं वेगळी केली की माणसं मिळतात, बहुतेकदा दोन गल्ल्यांपलीकडेच. आठवड्याची सुट्टी आधीच ठरवा आणि त्या दिवशी कोण येणार तेही ठरवा. आणि ही बाई वर्ष-दीड वर्षाने जाईल हे धरून चाला. तिलाही संसार आहे, मुलांच्या शाळा आहेत. ती जायच्या आधी दुसरीची ओळख आईशी करून ठेवा.

आईलाही विचारा. बऱ्याच घरांत माणूस आईला विचारल्याशिवाय ठेवलेला असतो, आणि आई तिला आठ दिवसांत घालवते. तिच्या स्वयंपाकघरात परकी बाई येणार असते. कोणती कामं तिला स्वतः करायची आहेत हे तिने सांगावं, बाकीची तेवढी दुसऱ्याकडे द्यावीत. मायेची अट मात्र जाहिरातीत घालू नका. ती बाई काम नीट करेल, आदराने वागेल, एवढी अपेक्षा रास्त आहे. तुमच्या आवाजाची जागा ती भरणार नाही, तेव्हा रोजचा फोन तुमचा तुम्हीच करा.

आता तुमच्याकडून काय हवंय ते सांगते आणि थांबते. ज्यांच्याकडे सहा महिन्यांहून जास्त काळ रिकामी जागा आहे, त्यांनी दुपारच्या जेवणानंतर मला भेटावं. मी कोरे कागद आणले आहेत, तीन रकान्यांचे. आपण बसून भरू. कारखानदार मित्रांनी प्रत्येकी निदान एक शिकाऊ उमेदवार या वर्षी घ्यावा. आणि मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, दहावीच्या मुला-मुलींना वर्षातून एक दिवस आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या कारखान्यांत आणि रुग्णालयांत घेऊन चला. काम कसं असतं ते त्यांना खरं खरं बघू द्या. ज्यांना पुण्याला जायचं आहे ते जातीलच, त्यांना आनंदाने निरोप देऊ. पण इथे राहायचं ठरवणाऱ्या दोघा-चौघांना तरी माहीत असू दे की आपल्या गावात कुणीतरी त्यांची वाट बघतंय आणि शिकवायला तयार आहे.